गोरे रॅपर: कोण टिकलं, कोण विरलं? आपापले अनुभव लिहा

काल गाडीत एमिनेमचं 'लूज युअरसेल्फ' लागलं तर मागे बसलेली नववीतली लेक अख्खं गाणं न अडखळता म्हणाली. 2002 चं गाणं, ऑस्कर मिळवणारं पहिलं रॅप, ते ठीक आहे, पण त्याच्या बारा वर्षं आधी 'आइस आइस बेबी' अमेरिकेत एक नंबरला गेलं होतं तो व्हॅनिला आइस तिला ऐकूनही माहीत नाही. असं का होतं? तुम्हाला कोण कधी भेटलं, अजून कोणाला ऐकता, लिहा. शिव्या फक्त गाण्यातल्या.

*

हॉस्टेल, 2003. इंग्रजीची बोंब. एमिनेमच्या 'स्टॅन' गाण्याचे शब्द सायबर कॅफेतून प्रिंट करून आणले आणि वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिले. गाण्यातही पत्र लिहितानाची पेन्सिलीची खरखर ऐकू येते, मागे पाऊस, म्हणजे तो आणि मी एकदमच लिहितोय असं वाटायचं. एका ओळीत चार-चार यमकं, ती कशी बसवलीत हे शोधता शोधता शब्द पाठ झाले. व्हायवाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

*

आम्ही नऊ वर्षं डेट्रॉइटच्या उत्तरेला राहिलो. एमिनेमच्या सिनेमातला एट माइल रोड बघायला हौसेने गेलो, तर टायरची दुकानं, पेट्रोल पंप, रुंद रस्ता, बास. ऑफिसातला एक काळा सहकारी म्हणाला, हा रस्ता म्हणजे भिंतच, खाली आम्ही, वर गोरे. एमिनेम दोन्हीकडे वाढला, काळ्या पोरांसमोर रॅपची बॅटल, म्हणजे समोरासमोरची जुगलबंदी, हरत-जिंकत शिकला, आणि पुढे डॉ. ड्रे हा बडा काळा रॅपर-निर्माता पाठीशी उभा राहिला. व्हॅनिला आइसकडे हे नव्हतं, त्याच्या नावाने रेकॉर्ड कंपनीने रंगवून सांगितलेली माहितीच खोटी निघाली.

*

सगळे एमिनेमवरच का अडकलात?? बीस्टी बॉइज! 1986 चा 'लायसन्स्ड टू इल' हा अमेरिकेत एक नंबरला गेलेला पहिला रॅप अल्बम. मूळचे न्यूयॉर्कचे पंकवाले, सुरुवातीला नुसता टवाळपणा, बायकांबद्दल काहीही बरळायचे. मग 1994 मध्ये त्यांच्या तिघांतल्या अ‍ॅडम यॉकने 'शुअर शॉट'मध्ये सरळ सांगितलं की हे आता बंद. 2012 ला तो कॅन्सरने गेला आणि उरलेल्या दोघांनी त्याच्याशिवाय बँड चालवला नाही. मी तेव्हा चाळिशीचा, ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो, सांगायला लाज नाही.

*

मॅकलमोर. 2014 ला केन्ड्रिक लमार या काळ्या रॅपरला मागे टाकून रॅप अल्बमचं ग्रॅमी घेतलं, मग 'तुझं होतं ते' असा मेसेज त्याला केला आणि त्या मेसेजचा फोटो स्वतःच सगळ्यांना दाखवला. अरे, सॉरी म्हणायचं तर गपचूप म्हण ना.

*

माझा मॅक मिलर. पिट्सबर्गचा, आधी पार्टीची गाणी करायचा, नंतर 'स्विमिंग' अल्बम आला 2018 मध्ये आणि साधारण महिन्याभराने तो गेला, 26 वर्षांचा. 'सर्कल्स' 2020 ला आला तो मी लॉकडाउनमध्ये रात्रभर गच्चीत ऐकायचे. आई विचारायची, हा रॅप आहे तर ओरडत का नाही?

*

व्हॅनिला आइसवर हसू नका हो, 1991 च्या गॅदरिंगला आम्ही त्याच्यावरच नाचलो होतो. चड्डीसारख्या ढगळ पँटी शिवून घेतल्या होत्या, शिंप्याने उरलेल्या कापडाच्या पिशव्या करून दिल्या. एक अजून घरी आहे, कांदे-बटाटे आणायला.