फौजी पेन्शन + बँकेचा पगार, दोन फॉर्म १६ (उत्पन्न आणि टॅक्सचे दाखले) आणि अचानक ३३ हजार टॅक्स. सल्ला हवाय

सातारी_फौजी: नमस्कार मंडळी. २४ वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आलो, आता एक्स-सर्व्हिसमन कोट्यातून बँकेत क्लार्क आहे. २०२४-२५ ची पेन्शन ३ लाख ६० हजार, पगार ५ लाख ४० हजार. दोन्हीकडं टीडीएस (आधीच कापून घेतलेला टॅक्स) शून्य, म्हणून मी निवांत. काल रिटर्न भरायला बसलो तर पोर्टल म्हणतंय ३३,८०० भरा, वर व्याज वेगळं! गावातला फॉर्म भरणारा तर दरवर्षी सांगायचा फौजीची पेन्शन टॅक्स फ्री असते, दाखवायचीच नाही. आता काय करू?

आकडेमोड_काकू: त्या माणसाला आधी रामराम करा. साधी सर्व्हिस पेन्शन पगारासारखीच करपात्र असते. फ्री असते ती मुख्यतः परमवीर, महावीर, वीर चक्र अशी शौर्यपदकं मिळालेल्यांची, नाहीतर ऑपरेशनमध्ये शहीद झालेल्यांच्या घरच्यांची फॅमिली पेन्शन. आणि तुम्ही पेन्शन विकून जी एकरकमी रक्कम घेतली असेल तिच्यावर टॅक्स नाही.
तुमचा घोळ असा झालाय की पेन्शनवाले आणि बँक, दोघांनीही आपापल्या आकड्यातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगार-पेन्शनवाल्यांची सरसकट वजावट) वजा केलं आणि दोघांच्या हिशोबात तुम्ही ७ लाखांच्या आत बसलात, तिथवर रिबेट म्हणजे टॅक्स माफ. पण डिडक्शन एकदाच मिळतं. ९ लाखातून ७५ हजार गेले की ८ लाख २५ हजार, रिबेट गेलं, म्हणून ३२,५०० आणि त्यावर ४% सेस. पोर्टल बरोबर आहे.

सातारी_फौजी: मी कागदावर दोनदा ७५ वजा केले होते 🤦 आता भरावेच लागणार का?

आकडेमोड_काकू: थांबा जरा. घराचं कर्ज आहे का? एलआयसी, पोरांची फी, पीएफ वगैरे?

सातारी_फौजी: साताऱ्यात घर बांधलंय, तिथंच राहतो, मागच्या वर्षी व्याजच २ लाख १० हजार गेलं. पोरांची फी, एलआयसी आणि हप्त्यातलं मुद्दल धरून दीड लाखाच्या वर जातंय.

आकडेमोड_काकू: मग बाबा जुनी रेजीम (जुनी करपद्धत) घ्या ना! ९ लाखातून ५० हजार स्टँडर्ड, २,५०० प्रोफेशन टॅक्स, २ लाख व्याज (जास्तीचे १० हजार विसरा) आणि दीड लाख ८०सी (फी, एलआयसी, मुद्दल यांची वजावट). उरले ४ लाख ९७ हजार ५००. जुन्यात ५ लाखांच्या आत रिबेट, म्हणजे टॅक्स शून्य. फक्त डिफॉल्ट नवीन रेजीम असते, ती बदलायची तर रिटर्न मुदतीतच गेलं पाहिजे, २०२४-२५ साठी १५ सप्टेंबर २०२५. शेवटच्या रात्रीवर टाकू नका, पोर्टल झोपतं.

सातारी_फौजी: काकू तुमच्या पाया पडतो 🙏

बेळगावकर: दादा, पेन्शनचा फॉर्म १६ स्पर्श (फौजी पेन्शनच्या) पोर्टलवरून काढलाय ना? टॅक्स खात्याकडच्या तुमच्या नोंदींशी, म्हणजे २६एएस आणि एआयएसशी ताडून बघा. आणि ओआरओपीचा (वन रँक वन पेन्शन) एरियर, म्हणजे मागची थकबाकी आली असेल तर आधी त्यावरच्या टॅक्स सवलतीचा फॉर्म १०ई भरा, मग रिटर्न, उलटं केलं तर रिलीफ नाकारून नोटीस येते, मी ते भोगलंय.

सैनिकाची_लेक: मधेच विचारते, सॉरी. बाबांना जखमेमुळं मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं, डिसॅबिलिटी पेन्शन आहे. ती दाखवायची का?

आकडेमोड_काकू: सर्व्हिसमधल्या जखमेमुळं घरी पाठवलं असेल तर सर्व्हिस एलिमेंट (नोकरीचा भाग) आणि डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग) दोन्ही माफ. पण रिटर्नमध्ये एक्झेम्प्ट इन्कमच्या रकान्यात दाखवा, तिथं डिफेन्स मेडिकल डिसॅबिलिटी पेन्शन असा पर्यायच आहे. पूर्ण नोकरी करून रिटायर झालेत त्यांना ही माफी मिळते का यावर मात्र २०१९ च्या सर्क्युलरपासून भांडण आहे, त्यांनी सीएला विचारूनच भरा.

बेळगावकर: आणि सातारी, बँकेच्या एचआरला पेन्शन लेखी कळवून ठेवा, पगारातूनच कापतील. अर्थात २०२५-२६ ला नवीन रेजीममध्ये १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, एवढ्याच कमाईत तुम्हाला काहीच लागणार नाही.

सातारी_फौजी: जुनी रेजीम टाकून बघितली, खाली शून्य आलंय. स्क्रीनशॉट बायकोला पाठवला, तिचा पहिला प्रश्न, मग आधीच्या वर्षांचं काय? 😅

आकडेमोड_काकू: वहिनी हुशार आहेत. त्या वर्षांचे फॉर्म १६ काढा, उद्या बघू.