पीएचक्यू-२ची वैधता पीएचक्यू-९शी ताडून ठरवता येईल का?

प्रश्न:
प्रौढांमधल्या नैराश्याच्या चाळणीसाठी पीएचक्यू-२ या छोट्या प्रश्नावलीचं भाषांतर तपासायचं आहे. दोन प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, कट-ऑफ ३ (म्हणजे ३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता धरायची). बेत असा: २०० जणांकडून नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ भरून घ्यायची, तिच्या १०च्या कट-ऑफशी ताडायचं आणि अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) काढायचा. एवढ्यावर भागेल?

उत्तर १:
नाही. हे दोन प्रश्न पीएचक्यू-९चेच पहिले दोन आहेत, त्यामुळे आकडे छान येणारच. निकष म्हणून मिनी किंवा स्किडसारखी निदान-मुलाखत हवी. मुलाखत घेणाऱ्याला पीएचक्यू-२चे गुण कळू देऊ नका. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, म्हणून मुलाखत दोन-तीन दिवसांत उरका. महिन्याभराने घेतलीत तर भलत्याच काळाशी तुलना होईल. आधीच उपचार चालू असलेले वगळा. दोनच प्रश्न असताना अल्फापेक्षा स्पिअरमन-ब्राउन गुणांक बरा.

उत्तर २:
२०० फार कमी पडतात. नैराश्य दहा टक्क्यांना असेल तर रुग्ण मिळतील २०. त्यातले १७ सापडले तर संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती सापडले ते) ८५ टक्के दिसते, पण तिचं ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो) सुमारे ६४ ते ९५. अधिक-उणे ७ वर आणायला शंभरेक रुग्ण, म्हणजे हजार माणसं लागतात.

सगळ्यांच्या मुलाखती झेपत नसतील तर ३ आणि वरचे सगळे घ्या, खालच्यांतला यादृच्छिक चौथा हिस्सा घ्या. मात्र भारांकन (खालच्यांतल्या निवडलेल्या प्रत्येकाला चार जणांइतकं मोजणं) हवंच. समजा, वरच्यांत ८० रुग्ण निघाले आणि त्या चौथ्या हिश्शात ५. निसटलेले ५ नव्हेत, अंदाजे २०. संवेदनशीलता ८० टक्के. भार विसरलात तर ती ९४ दिसेल. ही चूक नेहमी होते.

प्रश्नकर्ता:
कट-ऑफ २ की ३, ते डेटा पाहून ठरवलं तर?

उत्तर १:
दोन्हींचे आकडे द्या, पण मुख्य कोणता ते आधीच लिहून ठेवा. त्याच डेटावर निवडून त्याच डेटावर तपासलं की निकाल फुगतो; निदान बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हापुन्हा नमुने काढून तपासणं) तरी करा.

उत्तर ३:
भाषांतराकडेही बघा. उलट-भाषांतर (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणणं) जुळलं तरी घोटाळा उरतो, आणि तो बहुधा पर्यायांत असतो. ‘निम्म्याहून अधिक दिवस’ला माणूस ‘हो, खूप’ म्हणतो: तीव्रता सांगतो, दिवस सांगत नाही. दहा-बारा जणांना उत्तर दिल्यावर ‘म्हणजे चौदापैकी किती दिवस?’ असं विचारून पाहा. आणि मुलाखतीत आत्महत्येचे विचार निघाले तर त्याच दिवशी कोणाकडे पाठवायचं, ते पहिल्या माणसाला बोलावण्याआधी पक्कं करा.