'गरिबांनी समाधानी राहावं' हे बर्नादेतकडून कुठे शिकलात?

वर्धेकाठचा: काल इथे 'देवाला लहानच माणसं आवडतात' अशी पोस्ट आली. फ्रान्समधल्या लूर्दची बर्नादेत, मेक्सिकोतल्या ग्वादालुपेचा हुआन दिएगो, पोर्तुगालमधल्या फातिमाची मेंढरं राखणारी पोरं, मरियामातेनं दर्शन दिलेल्या अशा सगळ्या गरिबांची नावं घेऊन शेवटी उपदेश काय, तर गरिबांनी आहे त्यात समाधानी राहावं, कारण देवाची नजर त्यांच्यावरच आहे. खाली सगळ्यांनी हात जोडले. माझं डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

1858 साली बर्नादेत 14 वर्षांची होती. बापाची पाणचक्की बुडालेली, सगळं घर जुन्या तुरुंगाच्या एका ओल्या खोलीत. अंगात दमा, पहिलं कम्युनियनसुद्धा (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) झालेलं नव्हतं. मरियामातेनं तिला 'गप बस, तू माझी लाडकी' असं नाही सांगितलं. फादरांकडे जा आणि इथे चॅपल बांधायला सांग, असं सांगितलं. 1531 मध्ये हुआन दिएगोला तर तोच चॅपलचा निरोप देऊन थेट बिशपकडे, म्हणजे फादरांच्या वरच्या धर्माधिकाऱ्याकडे, धाडलं. बिशपांनी आधी विश्वास ठेवला नाही. 'मी साधा माणूस, कुणा मोठ्याला पाठव' म्हणून तो विनवत होता, तरी मातेनं त्यालाच परत पाठवलं. लहानाला निवडलं ते मोठ्यांनी त्याचं ऐकावं म्हणून.

आमच्या चॅपलमध्ये एक बाई मिस्सेच्या (मुख्य उपासनेच्या) आधी अंगण सारवते. वेदीचं कापड घरी नेते, नीळ घालून धुते, कोळशाच्या इस्त्रीनं घडी मोडू न देता आणते. धर्मग्राम समितीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, बैठकीचा निरोप तिला कधीच जात नाही. बैठकीचा चहा मात्र तीच करते.

जपमाळ: तुम्हाला सगळीकडे समितीच दिसते. बर्नादेत पुढे नेव्हेरच्या मठात गेली, आजारी सिस्टरांची शुश्रूषा केली, 35 व्या वर्षी वारली. लोक बघायला यायचे ते तिला नकोसं व्हायचं. हुआन दिएगो त्या चॅपलची राखण करत राहिला. त्यानं बिशपांकडे खुर्ची मागितली का? सेवेला मानाचा हिशेब लावला की ती सेवा उरत नाही.

वर्धेकाठचा: त्यानं खुर्ची मागितली नाही, बरोबर. पण शेवटी बिशपांनी त्याचं ऐकलं, म्हणून ते चॅपल उभं राहिलं. आणि बायबलमधलं मरियेचं गीत, लूक 1:52, तुम्हीही रोज म्हणता. मरिया तिथे गादीवरच्यांना खाली ओढणाऱ्या आणि दीनांना वर उचलणाऱ्या देवाचं गाते. दीनांना आहे तिथंच बसवणाऱ्याचं नाही.

कापूसवाली: मी बी चॅपल झाडतो. मले खुर्ची नाई पाह्यजे. पण पोराच्या लग्नाचं इचाराले गेलो त मले बाहेर उन्हात थांबवलं, अन् मागून चारचाकीवाले आले थे पयले आत गेले. थे अजून टोचते. देवानं मले निवडलं म्हनता, मंग मानसं कायले इसरते?

चांद्याचा मास्तर: ताई, माणसंच नाही, सरकारही विसरतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना दिली. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. आम्ही दलित ख्रिस्ती बाहेरच. माझ्या चुलत आज्यानं 1956 ला नागपुरात बौद्ध दीक्षा घेतली, माझा आजा त्याआधीच चर्चमध्ये गेलेला. एकच वाडा, एकच विहीर. चुलत आज्याचा नातू सवलतीवर शिकून नोकरीला लागला, माझ्या पोरीचा अर्ज परत आला.

जपमाळ: इथे आरक्षण आणू नका. विषय संतांचा आहे.

मोर्शीकर: जात सोडायला धर्म बदलला ना? मग जातीची सवलत कशाला मागता?

चांद्याचा मास्तर: जात आम्ही सोडली, गावानं सोडली नाही! पाटलाच्या वावरात मला आजही आजोबाच्या जातीनंच हाक मारतात, क्रूस गळ्यात असो नसो. आणि चर्चमध्येही ती आहे. 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, त्यात हे स्वतः मान्य केलंय. पहिले दलित कार्डिनल (पोपच्या खालोखालचा मान), हैदराबादचे अँथनी पूला, थेट 2022 साली झाले. निवड देवाची, आणि पत्र पोचायला इतकी वर्षं?

मोर्शीकर: बिशपच म्हणत असतील तर मी कोण बोलणारा. पण सवलतीचं मला अजून पटलेलं नाही.

जपमाळ: तुम्ही दोघं चर्चची अब्रू चव्हाट्यावर मांडताय. माझ्या आईला कुष्ठरोग झाला तेव्हा सख्ख्या भावांनी दार लावून घेतलं. सिस्टरांनी तिच्या जखमा हातानं धुतल्या, मेली तेव्हाही त्याच उशाशी होत्या. त्या प्रेमावर मी एक शब्द ऐकून घेणार नाही.

वर्धेकाठचा: त्या सिस्टरांबद्दल कुणी ब्र काढलेला नाही. त्यांनी तुमच्या आईला 'दुखण्यात समाधानी राहा' असं सांगितलं का? जखम धुतली. मी तेच मागतोय.

जपमाळ: आईला मध्ये आणून जिंकू नका. बैठकीचा निरोप त्या बाईला जायला हवा, एवढं मान्य. बाकीचं नाही.

कापूसवाली: निरोप द्यान त बैठक दुपारी ठेवू नोका. आता वेचनी चालू हाये, दिवस बुडाल्याबिगर कोनी घरी येत नाई. सात वाजेनंतर ठेवा, अन् चहा दुसऱ्या कोनाले सांगा.