सेल्समध्ये लांबचा पल्ला कसा गाठायचा?

प्रश्न: टार्गेट पूर्ण होतं, पण एक तारखेला पाटी पुन्हा कोरी. रिटायर होईपर्यंत हेच का?

उत्तर: नुसती नवीन गिऱ्हाइकं शोधलीस तर हेच. ऑर्डरनंतर जुन्यांना फोन करतोस का? मशीन नीट बसलं का, ऑपरेटर कुरकुरतोय का, विचार. मी तर गिऱ्हाइकाच्या खरेदी अधिकाऱ्याइतकाच वेळ त्यांच्या स्टोअरकीपरशी गप्पांत घालवतो. स्टॉक संपत आलाय हे आधी त्यालाच कळतं. (साहेबांना वाटतं मी टाइमपास करतोय!)

दुसरं उत्तर: महिनाअखेरीला डीलरच्या गळ्यात माल मारू नकोस. आकडा दिसतो, मग पेमेंट अडकतं आणि मालही परत येतो.

प्रश्नकर्ता: पण मॅनेजर नवीन खातीच, म्हणजे नवी गिऱ्हाइकंच मोजतो, त्याचं काय?

पहिला: रिपीट ऑर्डरचा वेगळा तक्ता ठेव. रिव्ह्यूत तोच आधी उघड.