ट्रकवर तोफ डोंगरात चढवणार कशी?
भाऊ, ट्रकवर बसवलेल्या तोफा आल्या, आता गाडीमागं ओढून न्यायच्या तोफा भंगारात काढा, असं जे म्हणतात ते सपाट मैदानापुरतं ठीक आहे, युक्रेनमधे ड्रोननं ओढायच्या तोफा बऱ्याच फोडल्या कारण गोळा मारून लगेच जागा सोडता येत नाही नं. पण अरुणाचलात ट्रक चढवणार कुठून? एम७७७ ही ओढायची अमेरिकन तोफ टायटॅनियममुळे साधारण 4.2 टनाची, बोफोर्स 12 च्या आसपास, म्हणून चिनूक हेलिकॉप्टर एम७७७ ला लटकवून थेट डोंगरावर ठेवतं. भारतानं 2016 मधे अशा 145 मागवल्या त्या काय 26 जानेवारीला मिरवायला बाप्पा? आणि गोळ्यांबद्दल तर कोणीच बोलून नाही राहिलं, आपल्या नागपुरातल्या अंबाझरीच्या फॅक्टरीत या तोफांच्या 155 मिमीच्या गोळ्याची रिकामी बॉडी बनते, भरलेला एकेक गोळा 45 किलोच्या आसपास, तोफ एकदा गेली वर पण हे रोज शेकड्यानं कोण नेणार ते सांगा.