मदत हवी आहे : सोसायटीचा एसटीपी वाढवायचाय, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कसबा बावड्यात आमची १४० फ्लॅटची सोसायटी आहे. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प (एसटीपी) रोजच्या ६० हजार लिटरचा, आणि आता सगळे फ्लॅट भरलेत. घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर हिशोब ७५ हजारांच्या पुढं जातोय. सकाळी तर फेस आणि वास, दोन्ही.

एका ठेकेदारानं थेट नवीन टाकी बांधायचं कोटेशन दिलंय. मला ते पटत नाही. इक्वलायझेशन टाकी (येणारं सांडपाणी साठवून सारख्या वेगानं पुढं सोडणारी) वाढवली तर सकाळचा लोंढा दिवसभरात विभागला जाईल. आहे त्याच एरेशन टाकीत, म्हणजे पाण्यात हवा सोडतात त्या टाकीत, मीडिया (जिवाणूंना चिकटून वाढायला प्लास्टिकचे तरंगते तुकडे) टाकून एमबीबीआर पद्धत केली तर जागाही वाचेल. पण हवा देणारा ब्लोअर मोठा लागेलच ना? हवा कमी पडली की पाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात.

खरी काळजी वेगळीच आहे. काम चालू असताना रोजचं पाणी कुठं न्यायचं? कच्चं पाणी नाल्यात सोडायला माझा ठाम विरोध आहे. ते शेवटी पंचगंगेतच जातं आणि खाली इचलकरंजी, शिरोळकडची माणसं त्याच नदीवर आहेत.

प्रकल्प चालू ठेवून असं काम कुणी टप्प्याटप्प्यानं केलंय का? पॅनेल आणि ब्लोअर २०१९ च्या पूररेषेच्या वर घ्यायचेत, तेही पावसाळ्याआधी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित संमती कामाआधी घ्यायची का? आणि डिझाइनसाठी २४ तासांचे एकत्रित नमुने पुरतील, की सकाळच्या गर्दीचे वेगळे तपासावेत? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.