वेगेनरला पन्नास वर्षं नाकारलं, ते चूक होतं का?

बेसाल्ट (धागालेखक):
परवा भाचीचा भूगोलाचा अभ्यास घेताना पुन्हा तीच गोष्ट समोर आली. जर्मनीचा आल्फ्रेड वेगेनर म्हणाला की खंड सरकतात, बाकीचे भूवैज्ञानिक त्याला हसले, आणि पन्नास वर्षांनी तोच खरा ठरला. मुलांना ही गोष्ट अशी सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. नाकारणाऱ्यांकडे कारणं होती.

वेगेनरने हा विचार ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टला मांडला, १९१५ मध्ये पुस्तक काढलं. खंडांच्या कडा जुळतात हे दाखवलं, पण ते सरकले कशाने? तो म्हणाला, पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंड ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे ढकलले जातात, शिवाय चंद्र-सूर्याची भरतीची ओढ आहेच. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीजने गणिताने दाखवलं की हे जोर कितीतरी पटींनी अपुरे आहेत. त्यात ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असा वेगेनरचा दावा. खरा वेग निघाला सेंटिमीटरांत.

गाडी पुढे गेली ती समुद्रतळ कळल्यावर. अमेरिकी भूवैज्ञानिक हॅरी हेसने १९६२ मध्ये मांडलं की सागराच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेशी नवा तळ तयार होतो, दोन्हीकडे सरकतो आणि शेवटी खोल गर्तांमध्ये पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. म्हणजे खंड नांगरासारखे तळ फाडत जात नाहीत, तळासकट वाहून नेले जातात. हा मुद्दा वेगेनरकडे नव्हताच. पुरावा समुद्राखाली होता आणि तिथे पोचायची साधनं नव्हती. मग थांबलेल्यांचं काय चुकलं?

वर्धाकाठ:
साफ असहमत. मी चंद्रपूरचा. आमच्या जिल्ह्यात इरई गावाशी, पैनगंगेच्या पात्रात चुनखडकाचा एक सपाट थर आहे. त्यावर शेजारी शेजारी, एकाच दिशेने गेलेले ओरखडे आहेत. हिमनदीने तळाशी दगड अडकवून घासत नेले की असे ओरखडे पडतात. वर तालचीर नावाच्या थरातले, हिमनदीने टाकलेले गोटे आणि माती. जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे हे! १८७० च्या दशकातच याची नोंद झाली होती.

असेच ओरखडे दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये आहेत. ब्राझीलचे ओरखडे बघितले तर बर्फ आजच्या अटलांटिकच्या बाजूने जमिनीवर आला असं दिसतं. समुद्रातून हिमनदी वर चढते का? मधे समुद्र नव्हता, आफ्रिका होती, एवढं मानलं की सगळं सुटतं.

आणि आमच्या कोळशातलं ग्लॉसोप्टेरिस? जिभेच्या आकाराचं पान, मधे जाड शीर, दोन्हीकडे शिरांचं जाळं. हेच पान दक्षिण आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकात मिळतं. १९१२ मध्ये स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना वाटेत मेली, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यात हे पान होतं. पुरावा समुद्राखाली नव्हता, बेसाल्टराव, जमिनीवर उघडा पडला होता. फक्त तो दक्षिणेकडच्या देशांत होता आणि निर्णय देणारे बहुतेक उत्तरेत बसले होते. या एकेकाळी जोडलेल्या दक्षिणी खंडांचं ‘गोंडवन’ हे नावसुद्धा आमच्या गोंडांच्या मुलखावरून गेलं, हे लक्षात घ्या.

बेसाल्ट:
ओरखडे आणि पानं कुणीच नाकारली नव्हती. त्यांचा दुसरा खुलासा होता: खंडांमध्ये जमिनीचे पूल होते, ते पुढे बुडाले.

वर्धाकाठ:
तोच तर माझा आक्षेप! खंडांचा खडक हलका, सागरतळाचा जड. हलकी जमीन जड खडकात हजारो किलोमीटर लांबीभर बुडेल कशी? वेगेनरने हे स्वतः विचारलं होतं. म्हणजे त्याच्याकडे कारण नाही म्हणून तो बाद, आणि भौतिकशास्त्रात बसत नाहीत ते पूल मात्र चालले. हिमयुगं झाली हे एकोणिसाव्या शतकातच मानलं गेलं, ती का आली हे कळायच्या कितीतरी आधी. तिथे कारण लागलं नाही, इथेच का लागलं?

शिवाय कारण अजिबात नव्हतं असंही नाही. ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्सने १९२८ मध्ये ग्लासगोला सांगितलं होतं की प्रावरणातले (कवचाखालच्या थरातले) अभिसरण प्रवाह, म्हणजे तापून वर येणारे आणि थंड होऊन खाली जाणारे प्रवाह, खंड वाहून नेत असावेत. तरी कुणी हललं नाही.

नकाशावाली:
बेसाल्टदादा, समुद्राखालचा पुरावा आल्यावर तरी लगेच मानला का? मेरी थार्पचं बघा. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅमाँट संस्थेत ती जहाजांनी आणलेल्या खोलीच्या नोंदी कागदावर उतरवत होती. अटलांटिक आडवा छेदणारे सहा छेद तिने एकाखाली एक लावले, तेव्हा मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसली. ती म्हणाली, ही खचदरी आहे, इथे तळ फाटतोय. सहकारी ब्रूस हीझेनने ते ‘बायकी बडबड’ म्हणून उडवून लावलं. पुढे शेजारच्याच टेबलावर त्याच प्रमाणावर भूकंपांची केंद्रं मांडली जात होती, ती नेमकी तिच्या खाचेवर आली, तेव्हा कुठे त्याला पटलं. ज्या जहाजांच्या नोंदींवर ती राबत होती त्यांवर बाई म्हणून तिला कित्येक वर्षं पाऊलही ठेवू दिलं नव्हतं. साधनं नव्हती म्हणून उशीर झाला, हे म्हणूनच मला अर्धवट वाटतं. साधन होतं, आकडे होते, ते वाचणारी बाई होती.

१९६३ मध्ये कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्लीने समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा (कमी-जास्त चुंबकत्वाच्या समांतर पट्ट्यांचा) तोच अर्थ लावला जो ब्रिटनच्या व्हाइन आणि मॅथ्यूजनी लावला: तळ मधून दोन्हीकडे पसरतोय. त्याचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. एका परीक्षकाच्या मते तो मेजवानीत गप्पा मारायला ठीक होता.

दर्यावर्दी:
मी बेसाल्टच्या बाजूने. व्हाइन आणि मॅथ्यूजचं मोजमाप आपल्या अरबी समुद्राशी जोडलेल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरचं होतं, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतलं. (गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये याच मोहिमेतून उभी राहिली.) जहाजामागे लांब दोरावर चुंबकत्वमापक ओढायचा आणि खाली कुठे चुंबकत्व जास्त, कुठे कमी ते टिपत जायचं. हे चढउतार म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कितीदा उलटलं (उत्तर-दक्षिण अदलाबदल झाली) त्याची खूण.

पण १९६३ मध्ये हा नुसता अंदाज होता! १९६६ मध्ये एल्टॅनिन जहाजाने पॅसिफिकमधून आणलेला चुंबकत्वाचा आलेख मधोमध दुमडला की डावी-उजवी बाजू एकमेकींवर बसत होती. १९६८ मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या तळाला भोकं पाडली, तर मधल्या रांगेपासून जितकं लांब जावं तितका तळ जुना. खंडांवर अब्जावधी वर्षांचे खडक आहेत, आजच्या महासागरांत सुमारे १८ कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळपास नाहीच. असं काही हातात येईपर्यंत थांबणं ही शिस्त आहे.

वर्धाकाठ:
मग सह्याद्रीच्या दगडाचं काय? १९५० च्या दशकात लंडनमधला भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेटचा गट आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे हे दख्खनच्या काळ्या दगडाचं चुंबकत्व मोजत होते. लाव्हा थिजताना लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला लागतात आणि तसेच राहतात. तो कल किती तिरपा, यावरून अक्षांश निघतो. दगड सांगतो, मी थिजलो तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३० अंशांच्या आसपास होतो. आज पुणे उत्तरेला साडेअठरा अंशांवर आहे. सुमारे ५,४०० किलोमीटर, ६ कोटी ६० लाख वर्षांत. वर्षाला आठ सेंटिमीटर धरा. हे सगळं हेसच्या आधी, आणि समुद्रात न उतरता.

बेसाल्ट:
हा मुद्दा वजनाचा आहे. ‘पुरावा समुद्राखाली होता’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. पण १९५० च्या दशकातले संशयी हट्टी नव्हते. जपानच्या हारुना ज्वालामुखीचा एक खडक थंड होताना आपोआप उलट चुंबकित होतो, हे तेव्हाच प्रयोगात दिसलं होतं. मग दगडाच्या चुंबकत्वावर किती विसंबायचं, हा प्रश्न खराच होता. तो सुटला ते १९६३ नंतर कॉक्स, डोएल, डॅलरिम्पल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या लाव्हांची वयं काढली तेव्हा. एकाच वयाचे खडक सगळीकडे एकाच दिशेने चुंबकित निघाले. थार्पबाईंवर अन्याय झाला, तिथे माझं काहीच म्हणणं नाही. पण जेफ्रीजचं गणित बरोबर होतं आणि ते धड्यात यायलाच हवं.

वर्धाकाठ:
यावं की, पण ओरखडेही यावेत. भाचीला घेऊन उन्हाळ्यात या, पात्रात पाणी कमी असतं. सकाळी लवकर जाऊ. ऊन तिरपं असताना रेघांत सावली पडते आणि त्या ठळक दिसतात. नदीने घासलेला दगड गुळगुळीत होतो, त्यावर अशा समांतर रेघा पडत नाहीत. पोरीला आधी नुसतं बोट फिरवू द्या, हिमनदीचं नाव नंतर काढा.